पाणथळीकाठची शाळा

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने निकालांची टक्केवारी, नव्या प्रयोगशाळा आणि भावी संकल्प यांविषयी बोलावे, असा प्रघात आहे. तो सर्व तपशील कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहे. मी आज शाळेच्या एका लहानशा उपक्रमाविषयी बोलणार आहे. त्याला गुण नाहीत, परीक्षा नाही. दर हिवाळ्यात आपली मुले एखाद्या रविवारी पहाटे बसने निघतात, दिल्लीच्या आसपासच्या पाणथळ जागी जातात, पक्षी पाहतात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात. या उपक्रमात माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीने मला शिक्षिका म्हणून काही शिकवले. ते आपल्यापुढे मांडल्यावाचून हे वर्ष संपू नये, असे मला वाटते.

सहलींचा आरंभ आमच्या एका विज्ञानशिक्षिकेने केला. त्या आता निवृत्त आहेत. पहिल्या सहलीला त्या तीस मुले घेऊन ओखल्याला गेल्या. यमुनेवर ओखल्याचा बंधारा १९८६ मध्ये झाला, त्यामागे पाणी पसरले, वेत आणि पाणगवत माजले आणि पक्षी उतरू लागले. १९९० मध्ये ती जागा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाली. एका बाजूस नोएडाच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूस दिल्लीची दाट वस्ती आणि मध्ये सुमारे चार चौरस किलोमीटरांचे हे पाणी. काठावर उभे राहिले तरी मोटारींचा आवाज थांबत नाही. अशा ठिकाणी काय दिसणार, असे मुलांना वाटले होते. दुर्बिणी दोनच होत्या. त्या हातोहात फिरल्या.

त्या दिवशी मुलांना प्रथम दिसला तो काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा एक पाणपक्षी. एक नव्हे, त्यांचा मोठा जमावच होता. बाईंनी सांगितले, "हा वारकरी." मुले हसू लागली. दिल्लीत जन्मलेल्या या मुलांनी वारकरी पाहिला होता तो दूरदर्शनवर, आषाढी एकादशीच्या बातम्यांत. मग दुर्बिणीतून पाहिल्यावर त्या काळ्या कपाळावरचे पांढरे गंध त्यांना दिसले आणि नावाचे कोडे सुटले. पाण्यावरून संथपणे पुढे सरकणारी ती दिंडी पाहून एका मुलाने, "बाई, हे पंढरपूरला पोहोचणार कधी?" असे विचारल्याचे आजही सांगतात. थोड्या वेळाने चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले बदक दिसले. त्याचे मराठी नाव हळदी-कुंकू. उंच गुलाबी पायांवर तोल सांभाळीत चालणारा शेकाट्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी धावणारा कमळपक्षी, क्षणात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, चोचीने पाणी थापटीत चरणारे थापट्या बदक. घरी आल्यावर मुलांनी ही नावे आईवडिलांना सांगितली आणि अनेक घरांत असे आढळले की, आईवडिलांनाही ती ठाऊक नव्हती. ती होती आजीला.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण दिल्लीत मराठी शाळा चालवतो ती कशासाठी, याचे उत्तर आपण बहुधा व्याकरण, कविता आणि सणवार यांत शोधतो. पण भाषा ही डोळ्यांचीही असते. ज्याने वारकरी हे नाव ऐकले, त्याला त्या पक्ष्याच्या कपाळाकडे पाहावेच लागते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीची वर्षे महाराष्ट्राच्या रानांत घालवली, तिथल्या आदिवासींच्या तोंडून पक्ष्यांची नावे टिपली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा तो कोश आपल्या ग्रंथालयात आहे आणि सहलीच्या आदल्या दिवशी तो हमखास कुणाच्या तरी नावावर गेलेला असतो. मुख्याध्यापिका म्हणून मला याहून मोठे समाधान नाही.

मुलांना मी नेहमी सांगते की, दिल्लीत पक्षी पाहण्याचा वारसा आपल्या शाळेहूनही जुना आहे. गांधीजींचे स्नेही असलेले इंग्रज क्वेकर होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये येथे पक्षिनिरीक्षकांची एक संस्था स्थापन झाली. पंतप्रधान होण्यापूर्वीच इंदिरा गांधी तिच्या सदस्य होत्या. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दिल्लीतील प्रतिनिधी पीटर जॅक्सन हेही त्याच मंडळीतले. गुरुग्रामजवळील सुलतानपूरच्या उथळ तळ्यावर ते वारंवार जात. या तळ्याला संरक्षण मिळावे, असे पत्र त्यांनी इंदिराजींना लिहिले. त्या पत्राची दखल घेतली गेली आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुलतानपूर पक्षी अभयारण्य झाले. १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये ते रामसर यादीत गेले. जेमतेम दीड चौरस किलोमीटरची ती जागा, पण आजही हिवाळ्यात तिथे मध्य आशियातून बदके येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. मुळाशी काय होते? एका माणसाचे वारंवार जाऊन पाहणे आणि एक पत्र.

आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी दिल्लीचे प्राणिसंग्रहालय पाहिले असेल. तिथल्या तळ्यांतील झाडांवर रंगीत करकोच्यांची दाट वसाहत असते. ते पक्षी पिंजऱ्यातले आहेत, असाच बहुतेकांचा समज असतो. ते मुक्त आहेत. साठच्या दशकापासून पावसाळा सरता सरता ते स्वेच्छेने येतात, घरटी बांधतात, बाहेरच्या पाणथळींतून मासे आणून पिले वाढवतात आणि वसंताच्या सुमारास निघून जातात. आपली शाळा आणि करकोच्यांची ही वसाहत जवळपास एकाच वयाच्या आहेत.

आता चुकीकडे येते.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या हाती मोबाइल आले, काही पालकांकडे मोठ्या लेन्सचे कॅमेरे आले. सहलींना एकाएकी गर्दी होऊ लागली. मला आनंद झाला. या उत्साहाला वळण द्यावे म्हणून मीच पक्षिछायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली. सर्वोत्तम छायाचित्राला करंडक, आणि ते मोठे करून शाळेच्या मुख्य दालनात लावायचे. वहीत नोंदी करण्याचा जुना नियम मी मोडला नाही, पण त्या नोंदींना कोणतेही पारितोषिक ठेवले नाही. मुलांना काय समजायचे ते ती समजली.

एप्रिलच्या मध्यावर, नवे सत्र सुरू होताच, आम्ही शहराबाहेरच्या एका तळ्याकाठी गेलो. हिवाळी पाहुणे परतले होते. ऊन तापू लागले होते, पारा चाळिशीकडे झुकला होता. तळ्याच्या कडेच्या मोकळ्या, खडीच्या जमिनीवर काही मुलांना टिटवीचे घरटे सापडले. घरटे म्हणजे काय, तर जमिनीतला एक उथळ खळगा, त्यात चार अंडी, रंग मातीचा, त्यावर काळपट ठिपके. पाऊल पडेपर्यंत दिसणार नाहीत अशी. मुलांनी हाक मारली, पालक धावले. टिटव्यांची जोडी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, सूर मारू लागली. कॅमेऱ्यांना याहून चांगले दृश्य कोणते? कोणीतरी अंडी नीट दिसावीत म्हणून आड येणारे गवत बाजूला केले. मीही जवळच उभी होते. मी कोणाला थांबवले नाही. उलट, उन्हात टोपी घाला, एवढेच सांगितले.

त्या दिवशीच्या एका छायाचित्राला पहिले पारितोषिक मिळाले. पंख पसरलेली, चोच उघडलेली टिटवी थेट कॅमेऱ्यावर झेपावते आहे आणि खाली चारही अंडी स्पष्ट. परीक्षकांनी एकमताने निवडले. ते मुख्य दालनात लागले. येणारा-जाणारा त्याची वाहवा करी.

दोन आठवड्यांनी मी वह्या तपासायला घेतल्या. सातवीतल्या एका मुलीजवळ मोबाइल नव्हता. तिने घड्याळ पाहून नोंदी केल्या होत्या. तिच्या वहीत लिहिले होते: "१० वाजून २० मिनिटे. टिटवी अंड्यांवरून उठली. सगळे फोटो काढत आहेत. १० वाजून ५५ मिनिटे. टिटवी अजून अंड्यांवर बसली नाही. ऊन खूप आहे. आम्ही बसमध्ये आलो." खाली तिने पेन्सिलीने एक लहान प्रश्न लिहिला होता: "अंडी तापत असतील का?"

पालकहो, मी एम.ए., बी.एड. आहे. तीस वर्षे शिकवत आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मी ग्रंथालयात गेले. टिटवी ही अंडी उबवते असे आपण म्हणतो, पण आपल्या उन्हाळ्यात तिचे काम अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांना गार ठेवण्याचे असते. ती त्यांच्यावर सावली धरून बसते. नर-मादी आलटून पालटून पाण्यावर जातात, पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या अंगाने येऊन अंड्यांवर बसतात. सुमारे चार आठवडे हा क्रम चालतो. म्हणूनच ती पाण्याच्या जवळ घरटे करते. आम्ही तिला पस्तीस मिनिटे त्या घरट्यापासून दूर ठेवले होते, एप्रिलच्या उन्हात, झाकणारे गवतही काढून टाकून.

पुढच्या रविवारी मी त्या तळ्यावर गेले. खळगा होता. अंडी नव्हती. ती उन्हाने गेली, कावळ्याने नेली, की आमच्या पावलांच्या मागावर कुत्रा आला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण घरट्याभोवतीची तुडवलेली जमीन स्पष्ट दिसत होती आणि ती पावले आमचीच होती.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी ती वहीतील नोंद मुलांसमोर वाचली. छायाचित्र काढणाऱ्या मुलाचा यात दोष नाही, असे सांगितले. त्याने स्पर्धेच्या नियमांप्रमाणेच वागणे केले होते. दोष नियम करणारीचा होता. ते छायाचित्र मी त्याच्या संमतीने दालनातून उतरवले. त्या मुलाने करंडकही परत आणून दिला. मी तो घेतला नाही. त्याने तो मागितला नव्हता, मीच ठेवला होता.

टिटवीविषयी आपल्याकडे किती कथा आहेत! पंचतंत्रातली टिटवी अंडी पळवणाऱ्या समुद्राशी भांडण मांडते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस भरपूर, अशी गावाकडे समजूत आहे. रात्री तिचा आवाज ऐकला की आजी, कुठे काही वाईट तर घडले नाही ना, म्हणून देवाला हात जोडत असे. या सगळ्या कथा मी वर्गात शिकवल्या आहेत. तरीही डोक्यावर ओरडणारी टिटवी प्रत्यक्ष काय सांगते आहे, हे मला ऐकू आले नाही. ऐकू आले ते मोबाइल नसलेल्या एका मुलीला.

डॉ. सालिम अली यांच्या पक्षिजीवनाचा आरंभही एका चिमणीच्या मृत्यूपासून झाला, हे आपणांस ठाऊक असेल. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्यासाठी एक नवे जग उघडले. माझ्या चुकीची बरोबरी मी त्या प्रसंगाशी करीत नाही. पण चूक लपवली तर ती केवळ चूक राहते, आणि तिच्याविषयी प्रश्न विचारला तर तिच्यातून शिक्षण निघू शकते, एवढा धडा त्यातून घेता येतो.

त्या वर्षापासून सहलींचे नियम बदलले. पहिला नियम: ठिकाणी पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा आणि मोबाइल पिशवीत. त्या वेळात फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे. दुसरा: घरटे दिसले तर छायाचित्र काढायचे नाही, थांबायचे नाही, इतरांना बोलवायचे नाही आणि जागा कोणत्याही माध्यमावर जाहीर करायची नाही. तिसरा: पक्ष्याला जवळ आणण्यासाठी खाणे टाकायचे नाही, ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा नाही. पक्षी आपले काम सोडून आपल्याकडे पाहू लागला, की आपण गरजेपेक्षा जवळ आलो आहोत, असे समजून दोन पावले मागे यायचे. आणि चौथा, मुख्याध्यापिकेसाठी: करंडक वहीला मिळेल.

तिसऱ्या नियमावर पालकांशी माझा वाद झाला, हेही सांगते. डिसेंबर-जानेवारीत कश्मिरी गेटजवळच्या यमुनाघाटावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. सूर्योदयाची सोनेरी आभा, धुके, नाव आणि भोवती उडणारे शेकडो शुभ्र पक्षी! हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते मिळवण्यासाठी नावेतून मुठीमुठीने शेव उधळली जाते. एका पालकांनी मला विचारले, "बाई, भुकेल्या पक्ष्याला खाऊ घालणे हे पुण्यच नव्हे काय?" हेतू चांगला होता, म्हणून उत्तरही सावकाश दिले. हे पक्षी हजारो किलोमीटरांवरून येतात. परतीच्या प्रवासासाठी त्यांना मासे, किडे, जलचर यांतून बळ साठवायचे असते. तळलेल्या, मीठ-मसाल्याच्या बेसनातून ते मिळत नाही. आणि आपण शेव टाकतो ती त्यांच्या भुकेसाठी की आपल्या चित्रासाठी? त्या पालकांनी पुढच्या वेळी शेव घरी ठेवली. छायाचित्रे मात्र त्यांनी काढली, आणि ती सुंदर आली.

मी कॅमेऱ्याच्या विरोधात आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. दूरच्या पक्ष्याची ओळख पटवायला छायाचित्रासारखे साधन नाही. मंगोलियात ज्यांच्या गळ्यात क्रमांकाच्या पट्ट्या अडकवल्या, असे पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर छायाचित्रांतूनच ओळखले गेले आहेत. कुठल्या तळ्यावरचा पक्षी कुठून आला, हे त्या एका चित्राने सिद्ध होते. त्यासाठी छायाचित्रकाराला दूर, शांत आणि दीर्घकाळ बसावे लागते. पूर्वीचे छायाचित्रकार लपणगृहात तासन्‌तास बसत, ते याचसाठी. छायाचित्र हे अशा थांबण्याचे फळ असेल, तर आमच्या करंडकावर त्याचाही हक्क आहे.

आता या वह्यांचे महत्त्व सांगते, कारण माजी विद्यार्थ्यांकडे माझे जे मागणे आहे ते त्यांच्याशी जोडलेले आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पहिल्या सहलीपासूनच्या वह्या आहेत. त्या चाळताना लक्षात आले की, त्यांत नोंदलेली काही पाणी आज राहिलेली नाहीत.

गुरुग्रामजवळचे बसई घ्या. मुलांना आधी ते आपल्या ठाण्याजवळची वसईच वाटले होते! जगभरातील पक्षितज्ज्ञांनी महत्त्वाचे मानलेले ते पाणथळ क्षेत्र. जुन्या वह्यांत तिथल्या पक्ष्यांची पानेच्या पाने आहेत. एका मुलाने तर वारकऱ्यांपुढे "मोजता येईनात" असे लिहिले आहे. आज तिथे रस्ते, इमारती आणि बांधकामाच्या राडारोड्याचा प्रकल्प आहे. पाण्याचा पसारा आक्रसला आहे. नजफगडच्या झीलची कथा तर त्याहून मोठी. साहिबी नदीच्या पाण्याने भरपूर पावसाच्या वर्षी दोनशे चौरस किलोमीटरांहूनही अधिक पसरणारे ते सरोवर. १९६४ च्या पुरानंतर नाला रुंद आणि खोल करून त्याचे पाणी यमुनेकडे वाहून नेण्यात आले. आपली शाळा सुरू होत होती त्याच सुमारास दिल्लीने आपले सर्वांत मोठे सरोवर गमावले. शाळेच्या पहिल्या पिढीने ते पाहिले असेल, तर ती आठवण आम्हांला हवी आहे.

ग्रेटर नोएडाजवळ धनौरीची पाणथळ आहे. जेवरच्या नव्या विमानतळापासून ती फार दूर नाही. तिथे सारस क्रौंच दिसतात. उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. जोडीने राहणारा, जोडीने हाक देणारा. वाल्मीकींच्या ज्या शोकातून श्लोक जन्मला, तो क्रौंच म्हणजे सारसच, असे अनेक अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला मोजकाच उरला आहे. धनौरीला कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणी पक्षिप्रेमी अनेक वर्षे करीत आले आहेत. मी मुलांना तिथे नेले, तेव्हा एका सारस जोडीने शेताच्या बांधावर नृत्य आरंभले. पहिला अर्धा तास होता. कॅमेरे पिशवीत होते. कोणी तक्रार केली नाही. परतताना बसमध्ये नेहमीच्या अंताक्षरीऐवजी वह्या उघडलेल्या होत्या.

गमावलेल्याचीच यादी द्यावी, असा माझा विचार नाही. उत्तर दिल्लीत वजिराबादच्या पुढे यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी तिथे नदीकाठच्या निकस जमिनीवर पाणथळ पुन्हा निर्माण केली. आता हिवाळ्यात तिथे मोठी लालसरी ही देखणी बदके उतरतात. पाणी परत आणता येते, हे मुलांनी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे. ओखल्याला त्यांनी याउलटही पाहिले आहे. दिवाळीच्या सुमारास कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढरा फेस तरंगतो. पहिलीतल्या धाकट्या भावाला घेऊन आलेल्या एका मुलीने मला हळूच विचारले, "बाई, तो बर्फ म्हणतोय. काय सांगू त्याला?" मी म्हटले, खरे सांग. तो आपल्या घरांतल्या साबणाचा आणि सांडपाण्याचा फेस आहे.

मुलांच्या या वह्यांना न्यायालयात पुरावा म्हणून कोणी विचारणार नाही, हे मी जाणते. पण दर जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते, आपल्या देशातही होते. तिचे मोठे बळ स्वयंसेवकांच्या अशाच साध्या नोंदींत आहे: तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. सुलतानपूर वाचले ते एका पत्राने. पत्र लिहिणाऱ्याने आधी बरीच वर्षे पाहिले होते. उद्या अशा एखाद्या पाण्यासाठी पत्र लिहिण्याची वेळ आली, तर आपल्या मुलांजवळ लिहिण्यासारखे काही असावे, एवढीच या वह्यांमागची इच्छा.

म्हणून तीन विनंत्या. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या घरी शाळेच्या सहलींच्या जुन्या वह्या किंवा छायाचित्रे असतील, तर त्यांची प्रत शाळेला द्यावी. तारीख आणि जागा आठवत असेल तर मागे लिहावी. जे आता पुण्या-मुंबईत, नाशकात किंवा परदेशात आहेत, त्यांनी तिथल्या एखाद्या पाण्याची नोंद आमच्या मुलांना कळवावी. नाशिककरांना तर नांदूर मध्यमेश्वर हाकेच्या अंतरावर आहे, महाराष्ट्राचे ते पहिले रामसर स्थळ. पट्टकादंब सुलतानपूरला उतरतो तसा तिथेही उतरतो, आणि मग दिल्लीचे मूल आणि निफाडचे मूल एकाच पक्ष्याविषयी बोलू शकतात. पालकांना विनंती अशी की, मुलाला मोठी लेन्स घेऊन देण्यापूर्वी एक साधी दुर्बीण आणि एक शंभर पानी वही घेऊन द्यावी. आणि सर्वांना विनंती: घरी आजी-आजोबा असतील, तर मुलांना पक्ष्यांची नावे त्यांच्याकडून विचारू द्यावीत. ती नावे पुस्तकांत आहेत, पण आजीच्या तोंडून ऐकलेले नाव मूल विसरत नाही.

ती सातवीतली मुलगी आता महाविद्यालयात शिकते. आज ती या सभागृहात आहे. तिचे नाव घेऊन तिला संकोचात टाकत नाही. तिच्या वहीचे ते पान आम्ही तिच्या परवानगीने चौकटीत बसवून मुख्य दालनात लावले आहे, जिथे पूर्वी ते छायाचित्र होते. जाता जाता अवश्य पाहावे. पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न थोडा पुसट झाला आहे, पण वाचता येतो.

१९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळींविषयीचा करार झाला, तो दिवस २ फेब्रुवारी. तो जगभर पाणथळ दिवस म्हणून पाळला जातो. त्याच्या लगतच्या रविवारी आपली हीरकमहोत्सवी सहल सुलतानपूरला जाणार आहे. या वेळी माजी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही निमंत्रण आहे. बस पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकातून सुटेल. दिल्लीचे धुके लक्षात घेऊन उबदार कपडे घालावेत, भडक रंगाचे घालू नयेत. गूळपोळीची व्यवस्था माता-पालक संघाने केली आहे. वही आणि पेन्सिल प्रत्येकाने स्वतःची आणावी. कॅमेरा आणायला हरकत नाही. पहिला अर्धा तास तो पिशवीत राहील.